कुणाचं बल, कुणावर

सर्जापूर रोड, बेंगळुरू
१६ जून २०२४

ती. कल्पनामावशींना,

महानंदाचा नमस्कार. मी गडहिंग्लजच्या भागुबाईंची धाकटी लेक. तुम्ही आणि आई सातवीपर्यंत एका बाकावर बसायचात म्हणे. नंबर तिनंच दिला. मागच्या रविवारी फोन लावला तर अरविंदकाकांनी उचलला. म्हणाले, "तिला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचायचा तिला तिटकारा. पत्र लिही. पत्राला ती सोडत नाही." पत्ताही त्यांनीच सांगितला. एकाच गावात राहून पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. पण इथून येलहंक्याला बसनं येऊन परत जायचं तर आख्खा दिवस मोडतो. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

काम असं की माझी मुलगी प्रणिता अकरावीत आहे. फिजिक्स घेतलंय आणि सुरुवातीलाच गाडी रुतलीय. आई म्हणाली, तुम्ही विमानांच्या ब्रेकचं काम एकतीस वर्षं केलंत, तुम्हाला हे डाव्या हातचं. तर गणित हे: पाच किलोच्या ट्रॉलीला वीस न्यूटनचं बल लावलं तर तिचं त्वरण किती? प्रणितानं शंभर काढलं. पुस्तकात मागं उत्तर दिलंय चार. सूत्र तर तिनं बरोबर लिहिलंय, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. गुणाकारही बरोबर आहे, मी दोनदा तपासला. मग चुकलं कुठं?

सवडीनं लिहा. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

तुमची
महानंदा

*

येलहंका
२२ जून २०२४

चि. महानंदा,

भागूची लेक! पत्र वाचून मी इतक्या जोरात ओरडले की अरविंद अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. सवडीनं भागूबद्दल विचारीनच, आधी तुझी ट्रॉली.

तुझ्या मुलीनं सूत्र पाठ केलंय, वाचलेलं नाही. गुणाकाराचं चिन्ह दिसलं की समोर असतील ते दोन आकडे गुणून मोकळं व्हायचं, ही खोड पुष्कळांना असते. तिला विचार, वीस म्हणजे काय? बल. म्हणजे गुणाकाराचं उत्तर तुला आधीच दिलेलं आहे. पाचाला कशानं गुणलं की वीस होतात? चारानं. झालं.

दुसरी गोष्ट, उत्तर आलं की त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्वरण शंभर म्हणजे काय होईल ठाऊक आहे? ट्रॉली एका सेकंदात ताशी तीनशे साठ किलोमीटरनं पळायला लागेल. आमच्या इथल्या हवाई तळावरची विमानंही एवढी उतावीळ नाहीत.

तिला सुपरमार्केटमध्ये ने. ढकलगाडी आधी रिकामी ढकलू दे, मग तेवढ्याच जोरानं तांदळाचं पोतं घालून. हाताला कळलं की डोक्याला कळतं.

आणि पुढचं पत्र प्रणितानं स्वतः लिहावं. अडलंय तिचं, आणि पेन झिजवतेस तू!

कल्पनामावशी

*

सर्जापूर रोड
१४ जुलै २०२४

ती. मावशी,

ढकलगाडी मी ढकलून बघितली. म्हणजे प्रणितानं ढकलली, मी बाजूला होते. रिकामी भस्सकन पुढं गेली आणि बिस्किटांच्या रॅकला लागली. पोतं घातल्यावर तेवढाच जोर लावला तर हलली, पण म्हशीसारखी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "स्वल्प निधाना, अक्का." जरा हळू म्हणे. पण कळलं बघा, वस्तुमान वाढलं की त्याच जोराला त्वरण कमी.

प्रणिताचा उजवा हात मुरगळलाय, म्हणून मीच लिहितेय.

आता तिचा पुढचा प्रश्न. हा मात्र अवघड आहे, मला रात्रंदिवस सतावतोय. पुस्तक म्हणतं, तुम्ही ट्रॉलीला जेवढ्या बलानं ढकलता तेवढ्याच बलानं ट्रॉली तुम्हाला उलटं ढकलते. सारखं बल, उलटी दिशा. मग दोन्ही मिळून शून्य झालं ना? ट्रॉलीनं जागचं हलूच नये. पण ती हलते. मी रोज बघते. डाव्या बाजूच्या टेबलाचा एक पाय बुटका आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय ट्रॉली सरळ जात नाही ते वेगळं, पण जाते तर खरी.

सोबत प्रणितानं सोडवलेली सहा गणितं पाठवतेय. चुका लाल पेननं दाखवा.

महानंदा

*

येलहंका
२० जुलै २०२४

चि. महानंदा,

प्रश्न फार चांगला आहे. अशा ठिकाणी एकच विचारायचं: कुणाचं बल, कुणावर? तू ट्रॉलीला ढकललंस, ते बल ट्रॉलीवर. ट्रॉलीनं तुला ढकललं, ते बल तुझ्यावर. दोन वेगवेगळ्या अंगांवरची बलं एकमेकांतून वजा होत नाहीत. तुझी शेजारीण जेवली म्हणून तुझं पोट भरतं का? ट्रॉली हलेल की नाही हे फक्त ट्रॉलीवरच्या बलांवरून ठरवायचं. आणि तू मागे का जात नाहीस? कारण तुझे पाय जमिनीला धरून आहेत. गुळगुळीत ओल्या फरशीवर उभी राहून ढकल, मग सांग.

सहापैकी चार बरोबर आहेत. लाल पेन वापरलंय.

आता एक कडू बोलते. गणितांचं अक्षर आणि पत्राचं अक्षर एकच आहे. 'ळ'ची शेपटीसुद्धा तीच. हात मुरगळलेल्या मुलीची गणितं तू सोडवतेस, हे मला दिसतंय. माझ्या नोकरीत मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांच्या आयांनी त्यांचा गृहपाठ केला. पहिल्या दिवशी यंत्रासमोर उभी राहिली की त्यांचे हात कापायचे. मुलीवर माया असेल तर तिची वही तिची तिला लिहू दे. तोवर माझ्याकडून पुढचं गणित मिळायचं नाही.

कल्पनामावशी

*

सर्जापूर रोड
२९ सप्टेंबर २०२४

ती. मावशी,

दोन महिने पत्र लिहिलं नाही. राग आला होता. मग लाज वाटली. आता दोन्ही बाजूला ठेवून खरं लिहिते.

प्रणिताचा हात ठणठणीत आहे. ती अकरावी कॉमर्सला आहे. फिजिक्सचं तिला नावही नको. गणितं माझी आहेत. बरोबर आलेली चार माझी, चुकलेली दोन पण माझीच.

मी इथल्या एका मोठ्या शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. अकरा वर्षं झाली. ट्रॉल्या काढायच्या, कप्प्या आणि वजनं मांडायची, तास झाला की पुसून कपाटात ठेवायची. फिजिक्सचे अभिजीत सर दरवर्षी तीच वाक्यं म्हणतात आणि मी काचेची भांडी पुसत ती ऐकते. अर्धी वाक्यं मला पाठ आहेत. उरलेली अर्धी ऐकायच्या आत कुणीतरी स्टॉपवॉच मागतं.

लॅब असिस्टंटची जागा निघणार आहे. तिथं प्रयोग मांडून मुलांना दाखवायचा असतो, उभं राहून. त्यासाठी बारावी सायन्स लागतं. मी दहावी करून लग्न केलं. म्हणून मुक्त शाळेतून बारावीचा फॉर्म भरलाय, परीक्षा एप्रिलमध्ये. घरी कुणाला सांगितलं नाही. प्रणिताचे बाबा ट्रान्स्पोर्टमध्ये, महिन्यातले वीस दिवस हुबळीच्या रस्त्यावर. प्रणिताला वाटतं मी देवाची पोथी वाचते, कारण पुस्तकाला तसं कव्हर घातलंय.

तुम्हाला खोटं का लिहिलं? एक्केचाळीस वर्षांची बाई विचारते की विसाला पाचानं गुणायचं की भागायचं, हे वाचून तुम्ही हसाल असं वाटलं. सोळा वर्षांच्या मुलीला कुणी हसत नाही.

तुम्ही शिव्या घातल्यात त्या बरोबर जागी लागल्या नाहीत. पण मला मात्र लागल्या.

महानंदा

*

येलहंका
३ ऑक्टोबर २०२४

महानंदा,

अरविंदनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा बघूनच मला माझं काय चुकलंय ते कळलं. मला माफ कर. बुटक्या पायाखाली पुठ्ठा घालणारी बाई कोण असेल, हे एकतीस वर्षं ब्रेक तपासायच्या टेस्ट रिगवर काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. अक्षराची शेपटी बरी दिसली मला!

आता ऐक. तुझी आई गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही. काळ-काम-वेगाची गणितं ती पाटी न घेता करायची आणि मी तिच्या पाटीकडे तिरक्या डोळ्यांनी बघायचे, पाटीवर काही नसायचंच. सातवी संपली आणि तिला उजवून टाकलं. मी आठवीत गेले. तिला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, तुझ्यासारखंच राग आणि लाज भरलेलं. टाकलं नाही. पुढे कॉलेज, नोकरी, बेंगळुरू. सत्तावन्न वर्षं झाली. तेव्हा मी तुझ्यावर काही उपकार करतेय असं समजू नकोस.

रविवारी एक पत्र तू लिहायचंस, बुधवारी उत्तर मी देईन. प्रत्येक वेळी पाच गणितं. नियम तीन नाहीत नि दहा नाहीत, एकच: आकडे घालायच्या आधी चित्र काढायचं आणि त्यावर लागणारी बलं बाणांनी दाखवायची. चित्र नसेल तर मी गणित तपासणार नाही.

पहिलं काम पुस्तकातलं नाही. काट्याचा वजनकाटा घे, आकडे दाखवणारा नको. लिफ्टमध्ये ठेव, त्यावर उभी राहा, आणि काटा काय करतो ते मला लिही.

आणि प्रणिताला सांग. पोथी फार दिवस चालायची नाही.

मावशी

*

सर्जापूर रोड
१० नोव्हेंबर २०२४

मावशी,

लिफ्टचा प्रयोग झाला! आमच्या समोरच्या सोसायटीत सोळा मजले आहेत. वॉचमन मंजुनाथ आपल्या ओळखीचा. काखेत वजनकाटा बघून तो म्हणाला, "येनक्का, लिफ्टल्ली तूका नोडतीरा?" लिफ्टमध्ये वजन बघताय का म्हणून. मी म्हटलं, हो, वरच्या मजल्यावर कमी भरतं असं ऐकलंय. बिचारा विचारात पडला.

उभी राहिले तेव्हा अठ्ठावन्न. लिफ्ट वर निघाली तसा काटा बासष्टवर. मग मधल्या सगळ्या मजल्यांत पुन्हा अठ्ठावन्न, जसं काही घडलंच नाही. सोळाव्यावर थांबायला लागली तर चोपन्न! इथं मी चक्रावले. मी तर अजून वरच जात होते, मग वजन कमी कसं? चार वेळा वर-खाली केलं. पाचव्या मजल्यावरच्या एक आजी कुत्रं घेऊन आत आल्या आणि कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या.

मग जिन्यात बसून चित्र काढलं. माझ्यावर दोनच बाण, पृथ्वी खाली ओढते तो आणि काटा वर ढकलतो तो. वर जाताना वेग वाढतोय तेव्हा वरचा बाण मोठा. थांबताना वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण खाली, म्हणजे वरचा बाण लहान. कुठं जातेय त्याला काट्याच्या लेखी अर्थच नाही, वेग कसा बदलतोय एवढंच त्याला दिसतं! मावशी, हे मला जिन्यात बसून समजलं आणि मी मोठ्यानं "अय्यो" म्हटलं.

आकडे: जादाचे चार किलो म्हणजे चार गुणिले नऊ पॉइंट आठ, एकोणचाळीस पॉइंट दोन न्यूटन. भागिले अठ्ठावन्न. त्वरण शून्य पॉइंट अडुसष्ट. उत्तराच्या तोंडाकडेही बघितलं. पोटात हलक्या गुदगुल्या होण्याइतकं आहे, बरोबर वाटतं.

प्रणिताला कळलं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती मैत्रिणीबरोबर समोर उभी. "आई, काय करतेयस?" मी काट्यावरून उतरले आणि सांगून टाकलं, सगळं. मला वाटलं हसेल. ती मैत्रिणीला म्हणाली, "माझी आई बारावीची तयारी करतेय," आणि काटा उचलून घरी घेऊन गेली. रात्री भांडी तिनं घासली. एवढंच. पुस्तकाचं पोथीचं कव्हरही काढून टाकलं.

सोबत पाच गणितं, चित्रांसकट.

महानंदा

*

सर्जापूर रोड
१२ जानेवारी २०२५

मावशी,

आज गणितं पाठवत नाही.

लॅब असिस्टंटची जागा भरली. एप्रिलपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. विराज नावाचा बी.एस्सी. झालेला मुलगा आलाय. स्वभावानं चांगला आहे, मला "मॅम" म्हणतो. काल पहिल्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या मीच त्याच्या हातात दिल्या आणि कुठल्या खणात काय आहे ते दाखवलं. अभिजीत सर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी प्रिन्सिपॉलना दोनदा सांगून बघितलं होतं म्हणे.

मी घरी येऊन पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. तुमचा वेळ खाल्ला त्याबद्दल वाईट वाटतं. रविवार-बुधवारची सवय झाली होती.

महानंदा

*

येलहंका
२७ जानेवारी २०२५

महानंदा,

काल तुझ्याकडून निघाले ती तीन तासांनी घरी पोचले. रिक्षावाला हेब्बाळपर्यंत मला त्याच्या मेहुण्याची गोष्ट सांगत होता आणि मी "हौदा, हौदा", म्हणजे असं का, असं का, म्हणत होते. एक अक्षर ऐकू आलं नाही, पण त्याचं समाधान झालं.

न कळवता आले म्हणून तुझी तारांबळ उडाली. पण कळवलं असतं तर तू पोहे करून ठेवले असतेस आणि पुस्तकं माळ्यावरच राहिली असती. प्रणितानं स्टुलावर चढून गठ्ठा खाली काढला तेव्हा तू स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलीस. बराच वेळ पाणी पीत होतीस.

कप्पीचा प्रयोग मला आवडला. गॅलरीतल्या नळीला कप्पी, तिच्यावरून दोरी, एकीकडे तीन किलो तांदूळ, दुसरीकडे दोन किलो डाळ. एका किलोच्या फरकानं पाच किलो हलवायचे, म्हणजे त्वरण जेमतेम दोन. हे तू कागदाशिवाय सांगितलंस. डाळीची पिशवी फुटली त्याला मी जबाबदार नाही, गाठ प्रणिताची होती.

मी तुला जाताना विचारलं, परीक्षा देणार का? तू माझ्या कानाशी येऊन ओरडलीस, "मावशी, गणितं सुटायला लागल्यापासून सोडवतच नाही!" बाजूच्या गॅलरीतून दोन माणसं बघायला आली. मला वाटलं तू 'सोडवत नाही' म्हणजे गणितं करणं बंद केलंस असं म्हणतेयस. हेब्बाळच्या पुलावर कुठे उलगडा झाला की ती आता तुझ्यानं सोडून देववत नाहीत. रिक्षात एकटीच हसले. रिक्षावाल्याला वाटलं मेहुण्यावर हसले.

पुढच्या महिन्यात इथं विमानांचा शो आहे. आठवडाभर आकाश फाटणार आणि साऱ्या येलहंक्याला माझ्याइतकंच ऐकू येणार. त्यावरच एक गणित देते: वीस हजार किलोचं विमान सेकंदाला साठ मीटर वेगानं उतरलं आणि वीस सेकंदांत थांबलं. ब्रेकला किती बल लावावं लागलं? मी आयुष्यभर पोट भरलं ते याच गणितावर. बुधवारी वाट बघते.

मावशी

*

सर्जापूर रोड
२९ जून २०२५

ती. मावशी,

निकाल लागला. पास झाले. फिजिक्समध्ये त्रेसष्ट! केमिस्ट्रीत काठावर वाचले, त्याबद्दल विचारू नका. आईला फोन केला तर तिनं आधी विचारलं, "सदतीस कुठं गेले?"

पण खरी बातमी वेगळी आहे. ती तुम्हाला आधी कळवली नाही कारण हातातून निसटेल अशी भीती होती. जयनगरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट हवा होता. अभिजीत सरांनीच कागद आणून दिला. काल मुलाखत झाली.

आम्ही तिघं होतो. दुसरे दोघं बी.एस्सी., पंचवीस-सव्वीसचे. विभागप्रमुख यशश्री मॅडम, पुण्याकडच्या निघाल्या. त्यांनी तिघांनाही एकच काम दिलं. एक किलोची ट्रॉली स्प्रिंगच्या तराजूनं ओढायची, त्वरण मोजायचं, पाच रीडिंग घ्यायची, वेळ अर्धा तास. ते दोघं लगेच भिडले. मी तराजू उचलला आणि सवयीनं रिकामाच डोळ्यासमोर धरला. काटा शून्यावर नव्हता. काही न लावता शून्य पॉइंट तीन दाखवत होता. वरचा स्क्रू जाम झालेला. तो तेल लावून सैल करण्यात वीस मिनिटं गेली. बेल झाली तेव्हा माझ्या कागदावर दोन रीडिंग होती, त्यांच्या कागदांवर पाच-पाच. मी मनात म्हटलं, चला, बसचा पास तरी वसूल झाला.

मॅडमनी कागद बघितला. "दोनच?"

मी म्हटलं, "काटा खोटं बोलत होता, मॅडम. शून्य पॉइंट तीन जास्त."

"एवढ्यानं काय बिघडतं?"

मावशी, चित्र डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, "खरं बल दीड न्यूटन असेल तर मुलं एक पॉइंट आठ लिहिणार. त्वरण घड्याळानं काढलेलं, ते दीडच येणार. मग एक पॉइंट आठ भागिले दीड, ट्रॉली एक पॉइंट दोन किलोची निघणार. ती तर एक किलोची आहे. मुलं बरोबर करूनही चुकणार."

मॅडमनी उठून कपाट उघडलं आणि सगळे तराजू टेबलावर आणून ठेवले, नऊ होते. "बघा," म्हणाल्या. मी एकेक रिकामा धरून बघितला. सहा बिघडलेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन वर्षं मी पोरांना ओरडतेय की तुमचं रीडिंग धड नाही. शिकवलं कुणी तुम्हाला हे?"

मी म्हटलं, "काटा बघायला अकरा वर्षांनी. आकडेमोड मावशीनं."

"मावशी कुठल्या कॉलेजात असतात?"

"येलहंक्यात घरीच असतात."

आज सकाळी फोन आला. सोमवारी, सात तारखेला हजर व्हायचंय. दुपारी दोनला पहिली बॅच, चाळीस मुलं. प्रयोग मी मांडून दाखवायचाय. कानडीत बोलू की इंग्रजीत, हात कुठं ठेवू, पहिल्या दिवशी कुठली साडी नेसू, काही सुचत नाही. प्रणिता म्हणते रेशमी नेस. तुम्ही सांगा.

तुमची
महानंदा

*

येलहंका
२ जुलै २०२५

महानंदा,

सुती नेस, पदर खोचता येईल अशी. रेशमावर तेलाचे डाग पडतात. बोल दोन्हींत, अडलीस तर फळ्यावर बाण काढ. हात ट्रॉलीवर ठेव, तिथं ते कापणार नाहीत.

सोमवारी साडेचारला कॉलेजच्या फाटकाशी मी उभी असेन. अरविंदना सांगितलंय, संध्याकाळचा भात तुम्ही लावा, मला उशीर होईल. तुझा पहिला तास कसा झाला ते जयनगरच्या भर रस्त्यात मला ओरडून सांगायचं आहेस. सगळं.

मावशी